हवाईच्या आणि माओरी पुराणकथा एकच आहेत का? नक्कल कोणी कोणाची केली?

नक्कल कोणीच केलेली नाही. हा आरोप मी माझ्याच स्वयंपाकघरात ऐकलाय, म्हणून लिहायला बसले.

मी न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला राहते. माओरी म्हणजे इथले मूळ रहिवासी. सासूबाई गेल्या त्या वर्षी मोठे दीर नाशिकहून आमच्याकडे आले होते. कडाक्याचा हिवाळा. शेजारच्या माओरी आजींनी आम्हाला मातारिकीच्या पहाटे टेकडीवर बोलावलं. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. जून-जुलैत त्या पहाटे पुन्हा दिसू लागल्या की माओरी नवं वर्ष लागतं. २०२२ पासून त्याची सरकारी सुट्टीही असते. त्या पुंजक्यातला पोहुतुकावा हा तारा वर्षभरात गेलेल्यांचा. अंधारात एकेक जण आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घेत होता. मी आईंचं नाव घेतलं. आजींनी माझा हात घट्ट धरला. भाऊजी शेजारीच उभे होते.

घरी येऊन चहा घेताना म्हणाले, "हे सगळं मूळ हवाईचं. 'क'चा 'त' केला की झाली यांची पुराणं." ते कामानिमित्त दोनदा होनोलुलूला जाऊन आलेले. मी गप्प बसले. मोठ्या दिरांना उलट बोलायची आमच्या घरात रीत नाही. पण ती सकाळ अजून टोचते.

खरं तर झालंय उलटं. जुना उच्चार 'त'. हवाईत त्याचा 'क' झाला. म्हणून इकडचा देव ताने तिकडे काने, तू तिकडे कू, रोंगोचा लोनो, तांगारोआचा कानालोआ. मातारिकी तिकडे माकालीई होते: 'त'चा 'क', आणि मूळचा 'क' घशातच अडतो. दोघांचे पूर्वज ताहिती-कुक बेटांच्या बाजूच्या पूर्व पॉलिनेशियातले, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे. काही होड्या उत्तरेला गेल्या, काही साधारण तेराव्या शतकात इकडे आल्या. देव दोन्हीकडे सोबत गेले आणि जिथे उतरले तिथल्या जमिनीचे झाले.

इकडे घनदाट जंगल, म्हणून ताने अरण्याचा देव, आणि आकाशपिता रांगी व धरणीमाता पापा यांना पाय लावून दूर सारणाराही तोच. हवाईचा काने मात्र गोड्या पाण्याचा, झऱ्यांचा. हवाईत आकाशपिता वाकेआचं मृत जन्मलेलं मूल पुरलं, तिथे अळू उगवलं. तोच हालोआ, माणसाचा थोरला भाऊ. इकडच्या थंडीत अळू कसंबसं येतं, त्यामुळे इथे मान रताळ्याचा, आणि ते रोंगोचं. कृत्तिकांचंही तसंच: जुन्या हवाईत त्या संध्याकाळी उगवू लागल्या की लोनोचा माकाहिकी हा सणांचा काळ लागायचा, चार महिने युद्ध बंद असायचं. तारे तेच, इकडे पहाट, तिकडे संध्याकाळ.

दोन्हीकडच्या कथांतला पराक्रमी नायक माउई, त्याच्याबद्दल थोडक्यात. सूर्याला फास टाकून त्याने दोन्हीकडे धरलं. पण आग त्याने इकडे माहुइका आजीच्या नखांतून काढली, हवाईत आलाए पाणकोंबडीला दमात घेऊन. आणि मृत्युदेवी हिने-नुई-ते-पोच्या अंगातून पलीकडे जाऊन मरणालाच हरवायला निघालेला माउई, चिमुकला पक्षी हसला म्हणून जिवाला मुकला, ही कथा माओरींची. ज्याला ही नक्कल वाटते त्याने ती ऐकलेलीच नाही.

एक सांगायला हवं: माओरी म्हणजे सगळं जुनं असंही नाही. तांगारोआतला मूळ 'ल' हवाईने जपला, इथे त्याचा 'र' झाला. शिवाय माओरींमध्ये प्रत्येक इवीची, म्हणजे जमातीची, कथा थोडी वेगळी. मी ऑकलंडमध्ये ऐकलेलं लिहिलंय.

तुमच्या घरातही कोणी मोठ्यांनी असं म्हटलं असेल तर माझ्यासारखं गप्प बसू नका. चहा संपायच्या आत सांगा.

भाऊजी, तुम्ही इथलं वाचता हे मला माहीत आहे. यंदाही पहाटे टेकडीवर जाणार आहे. आणखी कोणाचं नाव घ्यायचं असेल तर कळवा.