यंत्र युटीसीवर, डेटाबेस मात्र जुन्याच वेळेवर

प्रश्न : आमच्या पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या सर्व्हरवरील लिनक्सचा टाइमझोन आम्ही युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) केला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. तरीही 'शो टाइमझोन' ही कमांड दिल्यावर 'युरोप/बर्लिन' असेच उत्तर येते, आणि जावा ॲप्लिकेशनमधून पाहिले तर तिसराच टाइमझोन दिसतो. साठवलेल्या वेळा बिघडल्या असतील का?

उत्तर : ऑपरेटिंग सिस्टिमचा टाइमझोन बदलला की डेटाबेसचाही बदलेल, हा समज स्वाभाविक असला तरी इथे तो लागू पडत नाही. 'इनिटडीबी' ही कमांड वापरून डेटाबेस प्रथम उभारला जातो, तेव्हा यंत्राचा त्या वेळचा टाइमझोन 'पोस्टग्रेएसक्यूएल.कॉन्फ' या फाइलमध्ये लिहिला जातो, आणि पुढे सर्व्हर सहसा त्या ओळीवरच चालतो.

तरीही ती ओळ लगेच बदलू नका. हे मूल्य कुठून आले, ते आधी सर्व्हरलाच विचारा. 'पीजी_सेटिंग्ज' या व्ह्यूमधील, म्हणजे सर्व्हरची सध्याची सेटिंग्ज दाखवणाऱ्या तक्त्यातील, 'सोर्स' हा रकाना मूल्याचा उगम सांगतो, आणि तो उगम एखादी फाइल असेल, तर सुपरयूजरला (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला) फाइलचे नाव व ओळीचा क्रमांकही शेजारच्या रकान्यांत दिसतो. हे महत्त्वाचे अशासाठी, की 'ऑल्टर सिस्टिम' या कमांडने लिहिली जाणारी 'पोस्टग्रेएसक्यूएल.ऑटो.कॉन्फ' ही फाइल मुख्य फाइलवर मात करते, आणि एखाद्या डेटाबेससाठी किंवा रोलसाठी (डेटाबेसच्या वापरकर्त्यासाठी) स्वतंत्रपणे ठरवलेले मूल्य या दोन्ही फाइलींवर मात करते. जावा ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणारा जेडीबीसी ड्रायव्हर तर जोडणी करतानाच जावा व्हर्च्युअल मशीनचा (ज्यावर जावा प्रोग्राम चालतो त्याचा) टाइमझोन सर्व्हरला कळवतो. म्हणून 'पीजी_सेटिंग्ज'ला विचारलेला हाच प्रश्न (क्वेरी) ॲप्लिकेशनच्या जोडणीतूनही चालवा. तिथे 'सोर्स'मध्ये 'क्लायंट' दिसले, तर दुरुस्ती जावाच्या बाजूलाच करावी लागेल.

सर्व्हरच्या फाइलमधील दुरुस्तीसाठी फाइल पुन्हा वाचायला लावणारे 'पीजी_रीलोड_कॉन्फ' हे फंक्शन पुरते, रीस्टार्ट लागत नाही. टाइमझोनचे नाव मात्र 'युरोप/बर्लिन'सारखे पूर्ण लिहा. 'युटीसी+३' असे लिहिले, तर पोसिक्स या संगणकीय मानकाच्या नियमानुसार त्याचा अर्थ युटीसीच्या तीन तास मागे असा उलटा होतो.

आता तुमच्या खऱ्या काळजीविषयी. रकाना 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' प्रकारचा असेल आणि वेळ 'नाऊ' या चालू वेळ देणाऱ्या फंक्शनने भरली जात असेल, तर माहिती शाबूत आहे, कारण आत युटीसीच साठते आणि सेशनचा, म्हणजे त्या जोडणीचा, टाइमझोन केवळ दाखवण्यापुरता लागू होतो. रकाना 'विदाउट टाइम झोन' असेल, तर मात्र 'नाऊ'ची वेळ त्या-त्या सेशनच्या घड्याळाप्रमाणे साठलेली असते. म्हणजे एकाच रकान्यात बर्लिनच्या आणि जावाने कळवलेल्या टाइमझोनच्या वेळा शेजारी-शेजारी असू शकतात, आणि त्या वेगळ्या ओळखण्याची खूण त्या मूल्यात नसते. म्हणूनच बदल करण्यापूर्वी बॅकअप घ्या, बदलाची नेमकी वेळ नोंदवून ठेवा आणि रकान्यातील कोणत्या नोंदी कोणत्या मार्गाने आल्या ते ठरवा. त्यानंतरच वेळेचे टाइमझोननुसार रूपांतर करणारे 'ॲट टाइम झोन' वापरून जुन्या वेळा गटागटाने बदला. बर्लिनमध्ये ऑक्टोबरअखेर घड्याळे मागे घेतली जातात, त्या रात्रीचा 2 ते 3 हा तास दोनदा येतो. त्यातील नोंदी रूपांतराने निश्चित होणार नाहीत, त्या अनुक्रमांकाशी किंवा ॲप्लिकेशनच्या लॉगशी एकेक करून ताडूनच ठरवाव्या लागतील.