मुलीशी ज्युदो खेळताना मुलांनी जोर कमी लावावा का?

तुम्ही विचारलंय, क्लबमध्ये मुलीशी रांदोरी, म्हणजे सरावाची मोकळी लढत, खेळायची वेळ आली की पूर्ण जोर लावायचा की हात राखून खेळायचं. मी तेरा वर्षं ज्युदो खेळले, बहुतेक मुलांशीच, कारण माझ्या वजनाची दुसरी मुलगी क्लबात नव्हती. हात राखू नका. मी नुसती पकड घेतली की आपणहून पडणारी मुलं मला कधीच सहन झाली नाहीत. त्यात शिकायला काय मिळणार?

पण माझं हाड मोडलं ते दुसऱ्या तऱ्हेच्या मुलाने. मी एकोणीसची, तो माझ्याच वजनाचा. सेओई-नागेने, म्हणजे खांद्यावरून फेकून, मी त्याला पाडलं, अगदी स्वच्छ, सपशेल पाठीवर. कडेला बसलेल्यांतलं कुणीतरी म्हणालं, "अरे, पोरीकडून?" तो उठला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. पुढच्याच पकडीत त्याने हाराई-गोशी (पाय झाडून कमरेवरून फेकायचा डाव) मारला आणि मी हवेत असताना बाही सोडून दिली. बाही वर ओढून धरलेली असते म्हणून पडणारा पाठीवर येतो. मी खांद्यावर आदळले, वरून तो. कॉलरबोन मोडलं.

सर धावत आले, बर्फ लावला आणि मला म्हणाले, "मुलांशी खेळायचं तर हे धरूनच चालायचं." त्याला एक शब्द नाही.

यावर मी सरांशी दोन वर्षं भांडले. त्यांचं म्हणणं, मुलीकडून हरला की मुलगा तापणारच, तो पुरुषाचा स्वभाव. मग हाच मुलगा सीनियर खेळाडूंकडून रोज दहा वेळा पडायचा, तेव्हा वाकून नमस्कार करायचा आणि "पुन्हा एकदा" म्हणायचा, तो कुणाचा स्वभाव? तापायचं कुणापुढे, हे तो शिकला होता. "पोरीसारखा रडू नकोस" हे आमच्या मॅटवर रोज ऐकू यायचं, सरांच्या देखत.

अमेरिकन ज्युदो खेळाडू रस्टी कानोकोगींची गोष्ट सर कौतुकाने सांगायचे. 1959 साली अमेरिकेत त्या पुरुषांच्या संघातून उतरल्या, लढत जिंकल्या, आणि बाई आहेत हे कळल्यावर त्यांचं पदक काढून घेतलं गेलं. पुढे 1980 मध्ये महिलांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा त्यांनीच न्यूयॉर्कमध्ये उभी केली. ऑलिंपिकमध्ये महिला ज्युदोला पदकं मिळायला तरी 1992 उजाडलं. मी सरांना विचारलं, पदक काढून घेणारे आणि तुम्ही, यात फरक काय? ते काही बोलले नाहीत.

तुमच्या प्रश्नात वजनाचा उल्लेख नाही. पंधरा-वीस किलोंचा फरक असेल तर जोर आवराच, पण लहान चणीच्या मुलासमोरही तो आवरायचाच असतो. वजन सारखं असलं तरी दंडाची ताकद बहुधा तुमची जास्त असेल, तेव्हा तिला खेचून नेण्यापेक्षा तोल काढून पाडा. तिने हार मानून मॅटवर हाताने थाप मारली की तत्क्षणी सोडा. एखादीला मुलांशी खेळायचंच नसेल तर कारण विचारू नका.

आणि तुम्ही पडलात आणि कडेवरून कुणी "पोरीकडून?" म्हणालं, तर त्याला गप्प करणं तुमच्या सरांचं काम आहे. आमच्या सरांनी ते केलं नाही. त्यांना अजून वाटतं, चूक माझी होती.