सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, विझायला किती वर्षं लागतात? घरच्या दुर्बिणीतून ते मोजता येतं का?

पूर्ण विझेपर्यंत म्हणाल तर आपल्या हयातीत नाही, पण सुरुवातीचे काही महिने घरच्या दुर्बिणीतून आरामात मोजता येतात.

माझा अनुभव २०२३ चा. १९ मेला जपानचे हौशी खगोलनिरीक्षक इतागाकी यांना एम१०१ दीर्घिकेत सुपरनोव्हा सापडला, अंतर साधारण २ कोटी प्रकाशवर्षं. मी आणि मित्र आठ इंची डॉब (साध्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण) गाडीत टाकून पुण्याजवळच्या वेल्ह्याच्या पुढे गेलो. दीर्घिका म्हणजे नुसता धुरकट डाग, पण हा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा आणि स्पष्ट, ११ व्या प्रतीच्या आसपास (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). मोजायचं कसं, तर शेजारचे प्रत माहीत असलेले दोन तारे घ्यायचे, एक जरा उजळ एक जरा मंद, आणि हा दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते वहीत लिहायचं. लिहून होईपर्यंत एकमेकांना आकडा सांगायचा नाही, नाहीतर दुसऱ्यालाही तेवढंच दिसायला लागतं!

मग जूनमध्ये पाऊस आला आणि वही कोरी. नेमका ऑगस्टमध्ये तो धपकन उतरला (या जातीचे सुपरनोव्हा अडीचतीन महिने बऱ्यापैकी टिकून मग एकदम घसरतात), म्हणजे खरा सीन आमचा हुकलाच. जानेवारीत पहाटे कुडकुडत शोधला, आमच्या डॉबमध्ये काही नाही.

या घसरणीनंतर जो उजेड उरतो तो स्फोटाच्या उष्णतेचा नसतोच. स्फोटात बनलेल्या निकेल-५६ चं कोबाल्ट-५६ होतं आणि त्याचं हळूहळू लोखंड, त्या किरणोत्सारावर तो मलबा चमकतो. कोबाल्टचा अर्धायुकाल (निम्मं उरायला लागणारा वेळ) ७७ दिवस, त्यामुळे उजेडही साधारण ७७ दिवसांनी निम्मा, म्हणजे १०० दिवसांत जवळपास एक प्रत. १९८७ साली दिसलेल्या १९८७ए या सुपरनोव्हामध्ये हे फार सुंदर दिसलं. तिथे दीडेक वर्षाने मलब्यात धूळ तयार झाली, मग डोळ्यांना दिसणारा प्रकाश जास्तच वेगाने घटला आणि इन्फ्रारेड वाढला. पुढे उजेड पुरवतं कोबाल्ट-५७ (अर्धायुकाल २७१ दिवस), त्यानंतर टायटॅनियम-४४, ज्याचा अर्धायुकाल ६० वर्षांच्या आसपास. पुण्यातून १९८७ए क्षितिजाच्या जेमतेम २ अंश वर येतो, त्यामुळे आपल्या काही कामाचा नाही.

वर्षभर पाठपुरावा करायचा तर कॅमेरा लागेलच. तुलनेचे तारे आणि फिल्टर मात्र मध्येच बदलू नका, नाहीतर घसरण ताऱ्याची की तुमच्या फिल्टरची हेच कळत नाही.