गव्हाचा जीनोम वाचायला २०१८ साल का उजाडावं लागलं?

तुम्ही विचारलंय की माणसाचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए-मजकूर, २००३ मध्ये आणि भाताचा २००५ मध्ये वाचून झाला, मग गव्हाला २०१८ पर्यंत थांबावं का लागलं, आणि त्यातून शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं. मी काही वर्षं प्रयोगशाळेत गव्हाच्या तांबेरा-प्रतिकारावर (तांबेरा हा बुरशीचा रोग) काम केलं आहे. त्यातली पहिली वर्षं संदर्भ जीनोम, म्हणजे सगळ्यांनी ताडून पाहायची प्रमाण प्रत, हाती येण्याआधीची होती, त्यामुळे हा फरक मी जवळून पाहिला.

आकार हे एक कारण आहेच. भाताच्या जीनोममध्ये डीएनएची सुमारे ३९ कोटी अक्षरं, माणसाच्या ३०० कोटींच्या आसपास, आणि आपल्या नेहमीच्या पोळीच्या गव्हात साधारण १,६०० कोटी. पण आकाराला पैसा आणि यंत्रं पुरतात. घोळ वेगळाच होता. गव्हाच्या पेशीत तीन वेगवेगळ्या गवतांचे जीनोम एकत्र नांदतात. त्यांना ए, बी आणि डी म्हणतात. प्रत्येकात गुणसूत्रांच्या, म्हणजे डीएनएच्या लांब धाग्यांच्या, सात जोड्या, म्हणून एकूण २१ जोड्या. ए आणि बी लाखो वर्षांपूर्वी एकत्र आले. आपला खपली गहू त्याच घरातला, त्यात हे दोनच संच असतात. पुढे सुमारे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी अशा ए-बीच्या गव्हाचा एका रानगवताशी संकर झाला आणि डी आला. कणीक ताणली की न तुटता लांबते, त्यात १डी या, म्हणजे डी संचातल्या पहिल्या, गुणसूत्रावरच्या ग्लुटेनिन या प्रथिनाच्या जनुकांचा मोठा हात आहे. खपलीची कणीक तशी ताणली जात नाही, हे ज्यांच्या घरी खपली येते त्यांना सांगायला नको.

आता जुळणीकडे. कुठलंही यंत्र गुणसूत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात वाचत नाही. डीएनएचे तुकडे करायचे, ते वाचायचे आणि कडेचा मजकूर जुळतो तिथे एकाला दुसरा जोडत जायचं. समजा, एकाच पोथीच्या तीन प्रती तीन लेखनिकांनी उतरवल्या. पाठभेद थोडे, बाकी मजकूर तोच. तिन्ही पोथ्या फाटून पानांचे कपटे एकाच गाठोड्यात मिसळले. हातातला कपटा कुठल्या प्रतीचा? त्यात गव्हाचा सुमारे ८५ टक्के डीएनए पुन्हापुन्हा येणाऱ्या मजकुराचा, आरत्यांच्या वहीतल्या ध्रुवपदासारखा. नुसत्या ध्रुवपदाचा तुकडा मिळाला तर तो कुठल्या कडव्यानंतर लावायचा? संगणक अशा ठिकाणी थांबतो, किंवा चुकीची टोकं जोडतो. चुकीची जोडणी जास्त घातक, कारण ती बरोबर असल्यासारखी दिसते.

यावर निघालेला उपाय मला या सगळ्या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. पोथ्या फाडण्याआधीच वेगळ्या करायच्या! चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथे यारोस्लाव दोलेझेल यांच्या गटाने अंकुरलेल्या बियांच्या मुळांच्या टोकांतून गुणसूत्रं मोकळी केली, रंगवली आणि बारीक धारेतून एकेक करत लेझरसमोरून नेली. किती चमकतं यावरून आकार कळतो. ३बी सर्वांत मोठं, ते सहज वेगळं निघालं. म्हणून २००८ मध्ये त्याचाच नकाशा आधी आला. ते एकटंच भाताच्या अख्ख्या जीनोमच्या दुपटीहून मोठं आहे. बाकीची गुणसूत्रं आकाराने इतकी सारखी की निवडता येईनात.

तिथे कामी आली अर्धशतकापूर्वीची रोपं. अमेरिकेत मिसुरीमध्ये अर्नेस्ट सिअर्स यांनी 'चायनीज स्प्रिंग' या वाणाची अशी झाडं जपली होती की कुणात एक गुणसूत्र नाही, कुणात गुणसूत्राची एक भुजा नाही. दुसऱ्या पिकाचं झाड एवढं गमावून बहुधा जगलंच नसतं. गहू जगतो, कारण एका संचातली उणीव उरलेले दोन भरून काढतात. भुजा तुटलेलं गुणसूत्र आकाराने वेगळं पडतं आणि लेझरला ओळखू येतं. ज्या तिप्पटपणाने जुळणी अडवली होती, त्याच्याच जोरावर ही वाट निघाली. शेतात फारसं न पेरलं जाणारं चायनीज स्प्रिंग संदर्भ म्हणून का निवडलं, याचंही उत्तर यातच आहे.

मग गुणसूत्रं देशांनी वाटून घेतली. भारताकडे २ए आलं. लुधियानाचं पंजाब कृषी विद्यापीठ, दिल्लीतलं राष्ट्रीय वनस्पती जैवतंत्रज्ञान संशोधन केंद्र आणि दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर यांनी ते पेललं. शेवटच्या टप्प्यात इस्रायलच्या एनआरजीन कंपनीच्या सॉफ्टवेअरने अख्ख्या जीनोमचे तुकडे एकत्र जोडले, आणि पेशीत डीएनएचे कुठले भाग एकमेकांच्या जवळ असतात हे तपासून त्यांचा क्रम लावला. मग आधीची मेहनत वाया गेली का, असं विचारणारे मला भेटले आहेत. माझं मत ठाम आहे : नाही. गुणसूत्रनिहाय नकाशे हाताशी होते म्हणूनच ही जुळणी पूर्ण विश्वासाने तपासता आली. ऑगस्ट २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : १,४५० कोटी अक्षरं आणि १,०७,८९१ जनुकांचे पत्ते.

शेतकऱ्याचं म्हणाल तर हा 'पत्ता'च महत्त्वाचा. आधी आम्ही एखाद्या जनुकाजवळचा मार्कर, म्हणजे डीएनएमधली ओळखखूण, शोधायला पीसीआर (डीएनएच्या निवडक तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची पद्धत) करायचो, तर तुकडे आकाराने वेगळे करणाऱ्या जेलवर तिन्ही संचांच्या पट्ट्या उमटायच्या. आपली कुठली हे ठरवण्यातच हंगाम जायचा. आता ए, बी, डी यांचे पाठभेद समोर ठेवून फक्त हव्या त्या प्रतीला धरणारा मार्कर बेतता येतो. रोप कोवळं असतानाच पानाच्या तुकड्यावरून कळतं की प्रतिकारक जनुक आलं की नाही. रोग पडायची वाट पाहावी लागत नाही, आणि एकाच वाणात दोन-तीन जनुकं रचता येतात. एकटं जनुक तांबेऱ्यापुढे फार वर्षं टिकत नाही, म्हणून हे फार मोलाचं.

एका वाणाचा जीनोम म्हणजे सगळा गहू नव्हे, हेही लक्षात घ्या. डुरमचा, म्हणजे आपल्या बन्सीच्या जातीचा, जीनोम २०१९ मध्ये आला. २०२० मध्ये जगभरातल्या आणखी अनेक वाणांचे जीनोम आले, तेव्हा वाणावाणांत किती फरक असतो ते उघडं पडलं.

आणि खपली? ऑस्ट्रेलियात गहूशास्त्रज्ञ वॉटरहाउस यांनी खोडावरच्या तांबेऱ्यासाठी खपलीचा संकर करून 'खपस्टीन' हा गहू तयार केला होता. त्यातून पुढे गेलेलं एक जनुक एसआर १३ या नावाने ओळखलं जातं. ते ६ए गुणसूत्रावर आहे. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गटाने ते नेमकं वेगळं काढलं. युगांडात सापडलेल्या, जगभर धास्ती घातलेल्या यूजी९९ या तांबेऱ्यालाही ते रोखतं.