मागच्या काचेवरचा सलाम आणि तीन चलनं

प्रश्न : माझी 17 आसनी टूरिस्ट गाडी सातारा-पुणे भाड्याने चालते. 'ऑपरेशन सिंदूर'नंतर मागच्या पूर्ण काचेवर तिरंगा, त्यावर 'भारतीय सैन्याला सलाम' आणि सैन्याचं चिन्ह असं स्टिकर लावलं. भाऊ सैन्यात आहे. तीन ई-चलनं आली, भरलेली नाहीत. आता पासिंग जवळ आलंय. सैन्याला पाठिंबा देणं गुन्हा आहे का? कोर्टात लढू का?

उत्तर : मे 2025 नंतर अशा पत्रांची रीघ लागली आहे आणि प्रत्येकात देशभक्तीवर दोन परिच्छेद असतात. ते बाजूला ठेवू. तुम्ही मजकुराचा बचाव करताय, चलन मात्र काचेचं आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 नुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. अभिषेक गोएंका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 ला काळी फिल्म बंद केली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच आदेशात काचेवर 'अन्य कोणतंही साहित्य' लावायलाही मनाई आहे, तिथवर कोणी वाचत नाही. तुमचं प्रकरण त्या तीन शब्दांवर संपतं. तिथे 'सलाम' लिहा नाहीतर 'आईचा आशीर्वाद', फरक शून्य. केरळ उच्च न्यायालयाने 2024 मध्ये थोडी मोकळीक दिली, पण ती प्रकाशाची टक्केवारी पाळणाऱ्या प्रमाणित ग्लेझिंगपुरती, म्हणजे काचेवरच्या पारदर्शक प्लास्टिक थरापुरती. छापील स्टिकरला तिचा आधार नाही. भोकाभोकांचं 'वन-वे व्हिजन' (बाहेरून चित्र, आतून आरपार दिसणारं स्टिकर) लावतो म्हणाल, तर त्यातूनही साधारण निम्माच प्रकाश जातो. शिवाय अशा गाड्यांची मागची काच बरेचदा आपत्कालीन मार्ग असते. ती झाकली की पासिंगला निरीक्षक अडवणारच.

आता पैसे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली पहिल्यांदा 500, पुढे दर वेळी 1,500 रुपयांपर्यंत दंड. म्हणजे तिन्ही चलनांचे मिळून 3,500. पहिलं चलन आलं त्या संध्याकाळी स्टिकर उतरवलं असतं, तर 500 मध्ये भागलं असतं. चलन मोबाइलवर येतं म्हणून ते मेसेजसारखं सोडून द्यायचं नसतं. थकलेल्या चलनांपायी आरटीओची कामं अडू शकतात. लोकअदालतीत सूट मिळेल म्हणून थांबू नका. सूट मिळेलच असं नाही, पासिंगची तारीख मात्र थांबत नाही.

कोर्टात जाऊ नका, असं मी सांगतो त्याचं कारण तुमच्या स्टिकरवरचा तिरंगा. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायदा, 1971 मध्ये ध्वजाचं चित्रही 'ध्वज' धरलं जातं आणि ध्वजावर काहीही लिहिणं हा अनादर मानला आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गाडीच्या मागे ध्वज पांघरल्यासारखा लावणंही त्याच यादीत येतं. स्टिकरला 'पांघरणं' म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. सलामाच्या स्टिकरवर असा गुन्हा नोंदवला जाण्याची शक्यता मला कमी वाटते. पण 3,500 रुपयांसाठी तोच फोटो आपल्या हाताने न्यायाधीशांपुढे कशाला ठेवायचा?

सैन्याच्या चिन्हात तलवारींबरोबर अशोकस्तंभाचे सिंह, म्हणजे आपलं राजचिन्ह असतं. राजचिन्हाचा धंद्यासाठी वापर 2005 च्या कायद्याने बंद आहे आणि तुमची गाडी भाड्याची आहे. भाऊ सैन्यात असल्याने तुम्हाला ते लावायचा हक्क येत नाही. गाडीवर 'आर्मी' लिहून टोलनाक्यावर सवलत मागितलीत, तर सैनिक असल्याचं भासवण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम 168 लागू शकतं. तिथे सगळं तुमच्या हेतूवर ठरेल.

करायचं एवढंच. हेअर ड्रायरने कोपरा गरम करून व्हिनाइल हळूहळू ओढा. काचेवर डीफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तारा असतील तर पातं लावू नका. उरलेला गोंद रॉकेलच्या बोळ्याने निघतो. काचेचा तारखेसह फोटो काढा, मग तिन्ही चलनं ऑनलाइन भरून पावत्या गाडीत ठेवा.

सलाम हवाच असेल तर मागच्या दारावर, काचेच्या खाली पत्र्यावर साधी अक्षरं चालावीत : ध्वज नाही, चिन्ह नाही, आणि नंबरप्लेट, दिवे, लाल रिफ्लेक्टर पट्टी उघडी. पूर्ण गाडीला व्हिनाइल गुंडाळून रंग बदलला, तर आरसी बुकात नोंद लागते; त्यातही ऑलिव्ह ग्रीन टाळा, तो नियम 121 नुसार संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. खाली 'सौजन्य' म्हणून कुणा पुढाऱ्याचं नाव किंवा दुकानाचा नंबर टाकलात की ती जाहिरात होते आणि तिला परवानगी लागते. आपल्या आरटीओत आधी विचारा, उत्तर लेखी घ्या.

पासिंगला आठवडा तरी उरला असताना चलनं भरा. पैसे खात्यातून गेले तरी नोंद 'भरलं' अशी दिसायला कधी कधी दोन-चार दिवस लागतात.