१०७ गुण मिळवले, तरी थेट बढती नाही?

वेल्समधला रेक्सम हा क्लब इंग्लिश फुटबॉलच्या पाचव्या श्रेणीत, म्हणजे नॅशनल लीगमध्ये, १५ वर्षे अडकून पडला होता. २०२२-२३ च्या हंगामात तो वर चढला. त्या हंगामाबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सर्वांत जास्त पत्रे क्लबच्या मालकांबद्दल, म्हणजे हॉलिवूडच्या दोन अभिनेत्यांबद्दल, होती. ती एका उत्तरात आटोपली आहेत.

प्रश्न : त्या हंगामाच्या तक्त्यात नॉट्स काउंटीचे १०७ गुण दिसतात. एवढे गुण असलेला संघ दुसरा कसा? आणि दुसरा आला तरी थेट वर का गेला नाही? (नाशिक)

उत्तर : कारण रेक्समचे १११ होते, आणि थेट वर जायचे दार एकच होते. पाचव्या श्रेणीतून त्या वर्षी दोन संघ वर जाणार होते. पहिला थेट, आणि दुसऱ्या ते सातव्या क्रमांकाच्या सहा संघांतून प्ले-ऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) जिंकणारा एक. चौथ्या श्रेणीतून (लीग टू) मात्र पहिले तीन संघ थेट जातात. म्हणजे जितके खाली, तितकी बाहेर पडायची वाट अरुंद. या श्रेणीतला याआधीचा विक्रम क्रॉली या संघाच्या १०५ गुणांचा होता, २०१०-११ मधला. तो एकाच हंगामात दोन संघांनी मोडला आणि त्यातल्या एकाला रांगेत उभे राहावे लागले.

दोन्ही संघांची ४६ सामन्यांची पाटी शेजारी ठेवून पाहा. रेक्सम : ३४ विजय, ९ बरोबरी, ३ पराभव. नॉट्स : ३२ विजय, ११ बरोबरी, ३ पराभव. पराभव सारखेच. गोलफरकात (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) तर नॉट्सच पुढे होता, ७५ विरुद्ध ७३. सगळा फरक दोन सामन्यांचा. रेक्समने जिथे दोनदा जास्त विजय काढला, तिथे नॉट्सची बरोबरी झाली. बरोबरीचा एक गुण धरला की विजयाच्या तीन गुणांतले दोन हातचे जातात. दोनदा दोन म्हणजे चार. बरोबरीला ‘एक गुण कमावला’ म्हणणारे प्रशिक्षक बढतीच्या शर्यतीत मागे पडतात ते यामुळेच.

प्रश्न : ‘आता इतके गुण मिळाले की विजेतेपद पक्के’ हे समालोचक पटकन कसे सांगतात? आमच्या स्थानिक लीगसाठी तो हिशोब करता येईल का? (सांगली)

उत्तर : येईल, वहीच्या एका ओळीत. प्रतिस्पर्ध्याचे आजचे गुण घ्या, त्यात त्याच्या उरलेल्या सामन्यांच्या तिप्पट मिळवा, वर एक मिळवा. त्यातून आपले आजचे गुण वजा करा. उरले तेवढे गुण आपल्याला हवेत.

१० एप्रिल २०२३, ईस्टर सोमवार. रेक्सम आणि नॉट्स एकमेकांसमोर आले तेव्हा दोघांचेही गुण १०० होते. गोलफरकावर नॉट्स वर, पण रेक्समचा एक सामना जास्त उरलेला. रेक्समने ३-२ ने जिंकले. आता नॉट्स १०० गुणांवर, सामने उरले ३. १०० अधिक ९ अधिक १ म्हणजे ११०. रेक्सम १०३ वर. म्हणून ४ सामन्यांत ७ गुण हवे. पुढे काय झाले? बार्नेटशी ०-० बरोबरी (१), येओव्हिलवर ३-० विजय (३), आणि २२ एप्रिलला बोरहॅम वुडवर ३-१ विजय (३). बरोबर ७. टॉर्कीविरुद्धचा शेवटचा सामना शिल्लक असतानाच जल्लोष झाला.

एक चूक मात्र सगळेच करतात : वरचा ‘एक’ विसरतात. गुण समान झाले तर गोलफरक पाहतात, आणि गोलफरकात आपण मागे असलो तर बरोबरीत येऊनही हरतो. आपल्या लीगचा नियम आधी वाचा. काही ठिकाणी गोलफरकाआधी आपसातला सामना बघतात.

प्रश्न : रेक्समचा गोलरक्षक बेन फॉस्टर याने नॉट्सविरुद्धच्या त्या सामन्यात अडवलेल्या पेनल्टीमुळेच बढती मिळाली असे म्हणतात. खरे का? (पुणे)

उत्तर : अर्धे खरे. फॉस्टर निवृत्त झाला होता. संघातला एक गोलरक्षक जखमी झाल्यावर मार्चमध्ये त्याला बोलावून घेतले. वय ४०. नॉट्सच्या सामन्यात भरपाईच्या वेळेत रेक्समच्या खेळाडूच्या हाताला चेंडू लागला, पेनल्टी मिळाली आणि ती सेड्रिक नव्हे, सेडविन स्कॉटने मारली (या नावात पत्रांमध्ये फार गफलत झाली आहे). फॉस्टरने ती अडवली.

ती आत गेली असती तर ३-३, दोघेही १०१ वर. पुढचे निकाल तेच राहिले असे धरले तर २२ एप्रिलच्या रात्री रेक्सम १०८ आणि नॉट्स १०७, प्रत्येकी एक सामना शिल्लक. म्हणजे विजेतेपद गेले नसते, निकाल मात्र शेवटच्या दिवसापर्यंत लांबला असता. त्या शेवटच्या दिवशी दोघांनीही बरोबरीच केली. कागदावर रेक्सम १०९-१०८ ने जिंकतो. पण एका गुणाच्या दडपणाखाली टॉर्कीतली ती बरोबरी तशीच झाली असती का, हे कागद सांगत नाही.

प्रश्न : रेक्समचा बचावपटू बेन टोझर याचे लांब थ्रो-इन पाहून आमची मुलेही तसेच फेकू लागली, पण बहुतेक वेळा पंच फाऊल देतात किंवा चेंडू गोलरक्षक सहज पकडतो. कुठे चुकते? (कोल्हापूर)

उत्तर : दोन वेगळ्या चुका आहेत. फाऊल पायामुळे होते. चेंडू सुटताना दोन्ही पायांचा काही भाग जमिनीवर हवा, रेषेवर किंवा रेषेबाहेर. पाच-सहा पावले धावत येऊन फेकताना मागचा पाय उचलला जातो, तिथे पंचांची शिट्टी. मागच्या पायाचा चवडा जमिनीवर घासत येऊ द्या, उचलू नका. चेंडू दोन्ही हातांनी, डोक्यामागून, डोक्यावरून आला पाहिजे. एका हाताने वळवलेला दिसला तरी फाऊल.

दुसरी चूक चेंडूच्या उंचीची. आकाशात टांगलेला चेंडू गोलरक्षकाला वेळ देतो. टोझरचा थ्रो सपाट जातो, जवळच्या खांबाकडे डोक्याच्या उंचीने. तिथे उंच माणूस उभा करा. त्याने गोल करायचा नाही, फक्त डोक्याने चेंडू मागे ढकलायचा; दुसरा आणि तिसरा खेळाडू त्याच्या मागून आत शिरतात. एक गोलरक्षकासमोर उभा राहतो. त्याला ढकलायचे नाही, नुसते उभे राहायचे. गोलरक्षकाला वाट काढावी लागते तेवढे पुरते.

या डावाची खरी गंमत नियमात आहे. थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसते, म्हणून माणसे कुठेही उभी करता येतात. मात्र थ्रो कोणालाही न लागता थेट गोलमध्ये गेला तर गोल नाही, समोरच्याला गोल-किक. पावसात चेंडू हातातून निसटतो. जर्सीला पुसून भागते, नाहीतर रेषेजवळ पंचा ठेवा. आणि दोन माणसे मध्यरेषेवर ठेवायला विसरू नका. सगळे उंच बचावपटू पुढे गेले आणि चेंडू बाहेर आला की समोरच्याला अख्खे मैदान मोकळे.

प्रश्न : प्ले-ऑफमध्ये नंबर वरचा असेल तर फायदा काय? (औरंगाबाद)

उत्तर : थोडा. दुसरा आणि तिसरा संघ थेट उपांत्य फेरीत, तोही घरच्या मैदानावर. चौथा ते सातवा आधी एक बाद सामना खेळतात. सगळे एकेकच सामने. अंतिम सामना वेम्बलीला.

हा फायदा पुरतोच असे नाही. आदल्या वर्षी, २०२१-२२ मध्ये, रेक्सम ८८ गुणांनी दुसरा होता. उपांत्य फेरीत घरच्या मैदानावर ग्रिम्सबीकडून जादा वेळेत ४-५ ने हरला, आणि सहावा आलेला ग्रिम्सबी वर गेला. २०२३ मध्ये नॉट्सचेही तसेच होणार होते : बोरहॅम वुडविरुद्ध ०-२ मागे, मग जादा वेळेत ३-२. अंतिम सामन्यात चेस्टरफील्डशी २-२, आणि पेनल्टींवर ४-३. पेनल्टींच्या ऐन तोंडावर नॉट्सने गोलरक्षकच बदलला. बदली आलेल्या आर्ची मेअरने दोन अडवल्या. वीसहून अधिक गुणांनी मागे असलेल्या संघापुढे १०७ गुणांचा संघ असा घामाघूम झाला.

प्रश्न : पैशांनीच सगळे झाले ना? (अनेक वाचक)

उत्तर : पैशांशिवाय झाले नसते. हॉलिवूडचे अभिनेते रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेल्हेनी यांनी २०२१ मध्ये समर्थकांच्या ट्रस्टकडून क्लब घेतला आणि २० लाख पौंड गुंतवायचे ठरवले. बढतीच्या हंगामात उलाढाल सुमारे १ कोटी ५ लाख पौंड, पगार सुमारे ६९ लाख, आणि तरी तोटा सुमारे ५१ लाख. पॉल मलिनसारखा गोल करणारा मिळाला तोही यामुळेच : आदल्या मोसमात केंब्रिजसाठी लीग टूमध्ये ३२ गोल मारणारा माणूस २०२१ मध्ये एक श्रेणी खाली आला. बढतीच्या हंगामात त्याने लीगमध्ये ३८ मारले.

पण मलिनहून जास्त, ४२ गोल, नॉट्सच्या मॅकॉली लँगस्टाफने मारले, आणि त्याच्यामागे हॉलिवूड नव्हते. पैसा पहिल्या दोनांत आणतो. तिथून पुढे वरच्या हिशोबातल्या दोन बरोबऱ्या.

प्रश्न : जिंकूनही बढती नाकारली जाते हे खरे का? (ठाणे)

उत्तर : नाकारली गेली आहे. १९९४ मध्ये किडरमिन्स्टर, १९९५ मध्ये मॅकल्सफील्ड, १९९६ मध्ये स्टीव्हनेज. तिघेही विजेते, तिघांचेही मैदान निकषांत बसले नाही. स्टीव्हनेज न्यायालयात गेला आणि हरला. आज अडचण कृत्रिम गवताची. वरच्या चार श्रेणींत ते चालत नाही, म्हणून २०२१ चा विजेता सटन युनायटेडला ते उखडून खरे गवत लावावे लागले. हॅरोगेट २०२० मध्ये वर गेला तेव्हा मैदान तयार होईपर्यंत सुरुवातीचे ‘घरचे’ सामने डॉनकास्टरला खेळला.

प्रश्न : वर गेल्यावर पहिल्या महिन्यात काय बिघडते? (मुंबई)

उत्तर : बचाव. रेक्समने लीग टूची सुरुवात घरच्या मैदानावर एमके डॉन्सकडून ३-५ ने हरून केली, थोड्याच दिवसांत स्विंडनशी ५-५. फॉस्टरने लगेच पुन्हा निवृत्ती घेतली. मलिन तर जुलैतल्या मित्रत्वाच्या सामन्यात बरगड्या आणि फुप्फुस दुखावून बाहेर होता. मग आर्सेनलकडून गोलरक्षक आर्थर ओकोंक्वो उसना आणला आणि गाडी रुळावर आली : ८८ गुण, दुसरा क्रमांक, पुन्हा बढती. तेच ८८ गुण आणि तोच दुसरा क्रमांक दोन वर्षांपूर्वी पाचव्या श्रेणीत पुरला नव्हता.

प्रश्न : आपल्याकडे अशी शिडी आहे का? (मडगाव)

उत्तर : आहे, पण पायऱ्या कमी. आय-लीग (दुसरी श्रेणी) जिंकून इंडियन सुपर लीगमध्ये (पहिली श्रेणी) जाणारा पहिला संघ पंजाबचा, २०२३ मध्ये. पुढच्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंग. तुमच्या गोव्याचा देंपो, पाच वेळचा राष्ट्रीय विजेता, आय-लीग २ मधून वर येऊन २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीग खेळला. गुणांबरोबर क्लब परवानाही लागतो : युवा संघ, पात्र प्रशिक्षक, मैदान, तपासलेले हिशोब. हंगाम संपल्यावर ती कागदपत्रे जमवायला बसलात तर उशीर झालेला असतो. सुरुवात पूर्वहंगामात करा.