‘सा’च्या शेजारी ‘रे’ नाही

प्रश्न : नवऱ्याला त्रिनिदादमध्ये वायू प्रकल्पावर दोन वर्षांचं काम मिळालंय. जूनमध्ये आम्ही सगळे पोर्ट ऑफ स्पेनला चाललोय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. त्यांची तयारी म्हणून मी राजधानी, चलन, झेंडा असा तक्ता करून भिंतीवर लावला. मुलगी म्हणाली, "पाठ झालं, आता जायलाच कशाला हवं?" तुम्ही तिथे राहिलेल्या आहात. मुलांना त्या शहराची ओढ कशी लावू?
– एक आई, नाशिक

उत्तर : मुलगी हुशार आहे. तक्ता काढून टाका.

घरात तेलाचा रिकामा डबा असेल तर उपडा करून दोघांना बडवायला द्या. मधे वेगळा आवाज येतो, कडेला वेगळा. त्या शहराची गोष्ट इथूनच सुरू होते. १८८०च्या दशकात इंग्रज सरकारने ढोलांवर निर्बंध आणले. लोकांनी मग बांबू आपटले, पुढे बिस्किटांचे डबे, आणि शेवटी तेलाची पिंपं. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करायचा, त्यात एकेका स्वराचा फुगवटा काढायचा, की झाला स्टीलपॅन.

आम्ही सेंट जेम्स भागात राहायचो. नाताळ झाला की कार्निव्हलपर्यंत संध्याकाळी बँडांचा सराव उघड्या आवारात चालतो, त्याला पॅनयार्ड म्हणतात. कुणीही जाऊन उभं राहावं. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची, पेटी शिकलेली. एका काकांनी तिच्या हातात रबर गुंडाळलेल्या काड्या दिल्या. तिने ‘सा’ शोधला आणि शेजारी ‘रे’ वाजवायला गेली, तर निघाला ‘प’. दुसऱ्या बाजूला ‘म’! त्या पॅनवर स्वर चढत्या क्रमाने नसतात, षड्ज-पंचमाच्या नात्याने गोल मांडलेले असतात. बाईसाहेब तासभर हलल्या नाहीत. मला डास चावत होते.

धाकट्याला जिभेवरून पटवा. तिथे सकाळी गाड्यांवर डबल्स मिळतं : हळद घातलेल्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्या (तिथे त्यांना ‘बारा’ म्हणतात), त्यांच्यात चण्याची उसळ, वर चिंचेची चटणी. कागदात गुंडाळून देतात, आणि पहिल्यांदा खाणाऱ्याच्या शर्टावर निम्मं सांडतंच. मुलांसाठी घेताना ‘स्लाइट’ म्हणा, म्हणजे मिरची जेमतेम घालतील. नाशिकचं तिखट खाणारे आहोत असा तोरा तिथे नको, मी मिरवून पस्तावले आहे.

आणि हे ‘बारा’, ‘चना’ तिथे आले कसे, ते मुलं विचारतीलच. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून पहिले भारतीय मजूर उसाच्या मळ्यांवर कामाला उतरले. पुढे आलेल्यांत बरेचसे भोजपुरी मुलखातले. आमच्या शेजारची मुलं वडिलांच्या आईला ‘आजी’ आणि वडिलांच्या वडिलांना ‘आजा’ म्हणायची. माझ्या लेकीला वाटलं, ती मराठीच आहेत.

क्वीन्स पार्क ओव्हलवर १९७१ साली गावसकरांनी पदार्पण केलं, आपल्या सरदेसाईंनी ११२ काढले आणि भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदाच कसोटीत हरवलं. सहा वर्षांच्या पोराला त्याचं काय! ते मुलांच्या बाबांसाठी. पोराला उंच काठ्यांवर चालणारे ‘मोको जंबी’ दाखवा. कार्निव्हलच्या आधी लहान मुलांची वेगळी मिरवणूक निघते, तिथे त्याच्याच वयाची मुलं काठ्यांवर चालताना दिसतील.

एक मात्र लपवू नका. शहरात गुन्हेगारी आहे. क्वीन्स पार्क सवाना या मोठ्या मैदानाला दिवसा फेरी मारावी, शहाळ्याचं पाणी प्यावं. अंधार पडल्यावर पायी भटकायचं नाही. मुलीला हे सरळ सांगा, ती समजून घेईल.

आणि पीतज्वराची लस वेळेत घ्या. त्रिनिदादहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र मागतात, आणि लस टोचल्यावर दहा दिवसांनीच ते ग्राह्य धरतात.